पडत्या काळातील विश्वस्त : चिंतामणराव देशमुख

धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांत आपल्या पूर्वजांनी अर्थाला धर्माच्या लगेच शेजारी स्थान दिले आहे. या क्रमात मोठे शहाणपण साठविलेले आहे. धर्माचा हात सोडून मिळविलेला अर्थ सुकाळात शोभतो. परंतु युद्ध, मंदी, महागाई किंवा अवर्षण आले म्हणजे तो पहिल्या तडाख्यातच कोसळतो, आणि ज्यांनी विश्वासाने आपली पुंजी त्याच्या स्वाधीन केलेली असते त्या गोरगरिबांना, विधवांना व वृद्धांनाही बरोबर घेऊन बुडतो. याउलट दुसऱ्याचे द्रव्य जो देवाची ठेव म्हणून सांभाळतो, सुकाळात हात आखडता ठेवतो आणि पडत्या काळात खरे सांगतो, तो स्वतः तरतो व इतरांनाही तारतो. हे तत्त्व नुसते सांगण्यापेक्षा एखाद्या चरित्राच्या आधाराने सांगितले म्हणजे मनावर अधिक ठसते. असे एक चरित्र म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे होय. त्यांच्या वाट्याला आलेला काळ जवळजवळ सगळाच पडता होता, आणि त्या काळात त्यांच्या स्वाधीन असलेले धन त्यांचे स्वतःचे नव्हते, ते कोट्यवधी लोकांचे होते.

जन्म व विद्याभ्यास

रायगड किल्ल्याच्या परिसरातील महाडजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणरावांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथपंत वकिली करीत. घर सुसंस्कृत होते. मुलाची बुद्धी असामान्य आहे हे लवकरच दिसून आले. १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृत विषयासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. देववाणीचा हा संस्कार पुढे आयुष्यभर टिकला. राज्यकारभाराच्या रगाड्यातही त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचे मराठीत रूपांतर केले, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफली, आणि उतारवयात अमरकोशाचे संपादन केले. आकड्यांत गुरफटलेला मनुष्य रुक्ष होतो अशी एक समजूत आहे. ती चिंतामणरावांच्या बाबतीत पूर्णपणे खोटी ठरली.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक मिळविले. झाडाझुडपांची आवड त्यांना पुढेही राहिली. १९१८ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत ते पहिले आले. परकीय सरकारची ही सर्वांत मोठी नोकरी हाती असताना त्यांच्या मनात मात्र द्वंद्व उभे राहिले. देश स्वातंत्र्यासाठी धडपडत असता आपण राज्यकर्त्यांची चाकरी करावी काय, हा तो प्रश्न. त्या सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. तरुण चिंतामणराव त्यांच्याकडे गेले आणि नोकरी सोडावी की ठेवावी, असे त्यांनी विचारले. गीतारहस्याच्या त्या कर्त्याने त्यांना नोकरी सोडण्याचा सल्ला दिला नाही. स्वराज्य येईल तेव्हा कारभाराचा अनुभव असलेली माणसे लागतील, म्हणून तो अनुभव घ्यावा, असाच उपदेश त्यांनी केला. प्राप्त कर्म टाकून न देता ते उच्च हेतूने करावे, या शिकवणुकीचा चिंतामणरावांना मिळालेला हा प्रत्यक्ष पाठ होता. पुढची तीस वर्षे त्यांनी तो गिरविला.

वऱ्हाडातील मंदी

त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाड या भागात झाली. जमाबंदीच्या कामात त्यांना शेतकऱ्याचे घर, त्याचे शेत आणि त्याच्या डोक्यावरील कर्ज जवळून पाहावयास मिळाले. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या कामासाठी ते लंडनला जाऊन आले आणि पुढे प्रांताच्या सचिवालयात अर्थ व महसूल या खात्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हा काळ जगभर पसरलेल्या मोठ्या मंदीचा होता. १९२९ साली अमेरिकेच्या शेअरबाजारात सुरू झालेली पडझड दोन वर्षांच्या आत वऱ्हाडच्या कापूसपिकविणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. कापसाचा भाव कोसळला, सारा व व्याज मात्र पूर्वीइतकेच राहिले. तेजीच्या दिवसांत लग्नकार्यांसाठी व जमीनखरेदीसाठी घेतलेली कर्जे आता दुप्पट जड झाली. शेतकरी बुडाला की सावकाराचेही येणे बुडे, आणि दोघांच्या भांडणात जमीन ओसाड पडे.

या संकटातून मार्ग काढण्यासाठी मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्जसमेटाचा कायदा केला. हिंदुस्थानात या प्रकारचा हा पहिलाच कायदा होता. ऋणको व धनको यांना एका मंडळापुढे बसवावे, कर्जाचा खरा आकडा ठरवावा, न झेपणारा भाग सोडून द्यावा आणि उरलेल्याचे हप्ते बांधून द्यावेत, अशी त्यातील योजना होती. धनकोने थोडे सोडावे म्हणजे त्याचे सर्व बुडत नाही, आणि ऋणकोने उरलेले प्रामाणिकपणे फेडावे म्हणजे त्याला पुन्हा कर्ज मागण्यास तोंड राहते. कायद्याची ही भाषा कोरडी असली तरी तिच्या मुळाशी समंजसपणाचा धर्म आहे. मंदीच्या काळात जी घरे व ज्या पेढ्या तगल्या, त्या बहुधा अशा समेटानेच तगल्या. चिंतामणरावांचे प्रशासकीय आयुष्य घडले ते असा प्रांत व असा काळ यांच्या सान्निध्यात.

अन्नाविना पैसा

१९३९ च्या जुलैमध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. तेथे चिटणीस व नंतर डेप्युटी गव्हर्नर होऊन ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. या आसनावर बसणारे ते पहिले भारतीय. घरोघरी आनंद व्हावा असा हा प्रसंग. परंतु त्याच महिन्यात कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेने माणसे मरत होती. बंगालच्या त्या दुष्काळात लक्षावधी जीव गेले. धान्य काही प्रमाणात होते. पण ते ज्याच्या हाती पैसा त्याच्याकडे जात होते, आणि मजुराच्या हातातील रुपयाची किंमत आठवड्याआठवड्याला घटत होती.

ती का घटत होती? ब्रिटिश सरकार युद्धासाठी हिंदुस्थानात अफाट खरेदी करी. तिचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या जमेच्या आधारावर येथे रिझर्व्ह बँकेने नोटा काढाव्यात असे कायद्यानेच ठरलेले होते. युद्धाच्या आरंभी देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपले तेव्हा हा आकडा ११०० कोटींच्या वर गेलेला होता. माल मात्र वाढलेला नव्हता. ज्या बँकेने रुपयाचे रक्षण करावयाचे तिलाच तो रुपया पातळ करावा लागत होता, आणि तिच्या प्रमुखपदी चिंतामणराव होते. धोरण ठरविण्याची सत्ता परक्यांच्या हाती आणि उत्तरदायित्व मात्र आपल्या हाती, अशा स्थितीत सापडलेल्या मनुष्यापुढे दोनच मार्ग असतात : पद सोडून हात झटकावेत, किंवा पदावर राहून जेवढे वाचविता येईल तेवढे वाचवावे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. लोकांच्या हातातील जादा पैसा सरकारी रोख्यांत व बचतीत वळविणे, बाजारात सोने विकून चलन परत ओढून घेणे, कर्जउभारणी नेटकी करणे, असे उपाय त्या वर्षांत योजले गेले. त्यांनी महागाई थांबली नाही. पण तिला काही अंशी आवर बसला.

याच काळात दुसरी एक गोष्ट हळूहळू वाढत होती. ब्रिटनकडून हिंदुस्थानचे येणे युद्धाच्या अखेरीस सुमारे १७०० कोटी रुपयांपर्यंत पोहोचले. दरिद्री देशाने उपाशी राहून साठविलेली ही पुंजी. तिच्यात मोठी काटछाट व्हावी अशी भाषा ब्रिटनमध्ये बोलली जाऊ लागली. १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जगाची नवी चलनव्यवस्था ठरविण्यासाठी परिषद भरली, तेव्हा हिंदी शिष्टमंडळात चिंतामणराव होते. या येण्याचा प्रश्न आणि मागासलेल्या देशांच्या विकासाचा प्रश्न त्या शिष्टमंडळाने आग्रहाने मांडला. परिषदेने तो विषय हाती घेतला नाही. तथापि पुढील वर्षांच्या वाटाघाटींत हे ऋण परस्पर छाटले गेले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या कठीण वर्षांत परदेशातून धान्य व यंत्रे आणण्यास याच पुंजीचा आधार मिळाला. घरातील जुने सोने अडचणीच्या वर्षी उपयोगी पडावे, तसेच हे झाले.

फाळणी आणि दिल्लीचा आश्रय

१९४७ च्या ऑगस्टमध्ये देशाचे दोन भाग झाले. भूमी दुभागली, सैन्य दुभागले; परंतु चलन एका रात्रीत दुभागता येत नाही. म्हणून काही काळ रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही राज्यांची मध्यवर्ती बँक म्हणून काम करावे असे ठरले, आणि १९४८ च्या जूनअखेरपर्यंत ते तसे चालले. दोन्ही बाजूंची मने क्रोधाने पेटलेली असताना, दोघांच्याही तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती त्याने तोल सांभाळणे किती कठीण असते, हे वाटणीच्या वेळी थोरल्या भावाची भूमिका केलेल्या गृहस्थासच कळेल.

या काळात दिल्लीने जे पाहिले ते विसरता येण्यासारखे नाही. पश्चिम पंजाबातून येणाऱ्या गाड्या भरून माणसे उतरत होती. १९५१ च्या जनगणनेपर्यंत या एका शहरात सुमारे पाच लाख विस्थापित स्थिरावलेले होते. कोणाची लाहोरला कापडाची पेढी, कोणाचा रावळपिंडीला धान्याचा व्यापार. हाती काही उरले असेल तर बँकेचे पासबुक. त्या पासबुकाला किंमत आहे की नाही, हाच त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता.

या प्रश्नाचे एक उजळ उत्तर पंजाब नॅशनल बँकेने दिले. लाहोरला १८९४ साली स्थापन झालेल्या या बँकेचे अध्यक्ष लाला योधराज यांनी येणारे संकट ओळखून १९४७ च्या जूनमध्येच, म्हणजे फाळणीच्या आधी, बँकेचे मुख्य कार्यालय दिल्लीत अंडरहिल रोडवर हलविले. फाळणीत पश्चिम पाकिस्तानातील ९२ कचेऱ्या बंद कराव्या लागल्या. एकूण ठेवींपैकी सुमारे ४० टक्के ठेवी त्या भागातील होत्या. तरीही तिकडून आलेल्या ठेवीदारांचे पैसे बँकेने त्यांच्याजवळील पुराव्यावर देण्याचे नाकारले नाही. ज्यांना ते मिळाले त्यांनी दिल्लीत पुन्हा दुकान मांडले. लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केट, पुढे खान मार्केट, अशा बाजारपेठा अशाच उखडलेल्या माणसांनी उभ्या केल्या. त्यांना धंद्यासाठी कर्ज देण्याकरिता १९४८ च्या कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापन झाले. आधी पटरीवर बसून वस्तू विकणारा मनुष्य काही वर्षांत गाळ्याचा धनी झाला, ही गोष्ट दिल्लीत घरोघरी ऐकू येई. त्यामागे त्याचे कष्ट तर होतेच. पण कोठेतरी कोणीतरी त्याची ठेव प्रामाणिकपणे राखली होती, हेही विसरून चालणार नाही.

पाचव्या हिश्श्याचा नियम

सर्वच बँका अशा नव्हत्या. युद्धाच्या तेजीत ठिकठिकाणी नव्या बँका निघाल्या होत्या आणि त्यांनी गावोगाव शाखा उघडल्या होत्या. ठेवी घ्यावयाच्या, त्या संचालकांच्याच धंद्यात गुंतवावयाच्या, आणि वर भरमसाट लाभांश वाटावयाचा, असा कित्येकांचा खाक्या होता. तेजी ओसरली आणि १९४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या बँकांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. त्या काळी ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते. ते १९६२ मध्ये आले. बँक बुडाली म्हणजे पेन्शनराची आयुष्यभराची शिल्लक बुडे, मुलीच्या लग्नाचा पैसा बुडे.

रिझर्व्ह बँकेपुढे धर्मसंकट उभे राहिले. सर्वांनाच पैसा पुरवावा तर अप्रामाणिकपणास बक्षीस दिल्यासारखे होते. कोणालाच पुरवू नये तर चांगलीही बँक अफवेच्या लाटेत बुडते. जिची येणी खरी आहेत पण आज हाती रोकड नाही तिला साहाय्य करावे, आणि जिची येणीच पोकळ आहेत तिला वाचविण्यासाठी जनतेचे धन ओतू नये, हाच येथे विवेक होता. हा विवेक वापरला म्हणजे काही बँका तरतात व काही बुडतात, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांचे दुःख कोणत्याही तत्त्वाने हलके होत नाही. काही बँकांनी मात्र शहाणपणाचा मार्ग धरला. बंगालमधील चार बँका १९५० च्या डिसेंबरमध्ये एकत्र आल्या आणि त्यांतून युनायटेड बँक ऑफ इंडिया निर्माण झाली. एकेकट्याने बुडण्यापेक्षा मान थोडा बाजूला ठेवून एकत्र राहणे त्यांनी श्रेयस्कर मानले.

या अनुभवातून १९४९ चा बँकिंग कायदा झाला. त्याची सिद्धता करण्यात चिंतामणरावांच्या काळातील रिझर्व्ह बँकेचा मोठा वाटा होता. त्यातील दोन नियम प्रत्येक गृहस्थाने समजून घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, नफ्याचा निदान पाचवा हिस्सा लाभांश वाटण्यापूर्वी गंगाजळीत टाकावा, आणि ती गंगाजळी भांडवलाइतकी होईपर्यंत हा क्रम सोडू नये. दुसरा असा की, लोकांच्या देण्याच्या निदान पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम रोकड, सोने किंवा खात्रीचे रोखे या रूपाने नेहमी हाताशी ठेवावी. शिवाय बँकेची वह्या-पुस्तके तपासण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेस मिळाला. आपल्या आजीने धान्याच्या कणगीतून रोज मूठभर काढून वेगळ्या मडक्यात टाकावे, आणि आषाढात तेच मडके उघडावे, तीच ही रीत. केवळ ती कायद्याच्या भाषेत मांडलेली आहे. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि त्याच वर्षी जूनअखेर चिंतामणरावांनी गव्हर्नरपद सोडले.

अर्थमंत्री

विश्रांती मात्र मिळावयाची नव्हती. १९५० मध्ये ते नियोजन मंडळाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी १ जूनला अर्थमंत्री झाले. दिल्लीत त्यांनी कारभार हाती घेतला आणि महिनाभरात कोरियाचे युद्ध सुरू झाले. कच्च्या मालाचे भाव जगभर भडकले. १५ ऑगस्टला आसामात भयंकर भूकंप झाला. बिहार व मद्रास या भागांत पावसाने दगा दिला. नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी पुन्हा एकदा दुष्काळाची छाया पडली. १९५१ च्या फेब्रुवारीत त्यांनी मांडलेल्या अंदाजपत्रकात करांचा बोजा वाढविला होता. लोकांस गोड वाटेल असे ते नव्हते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरचे कर्ज घेऊन सुमारे २० लाख टन गहू आणण्याची व्यवस्था झाली. बंगालची पुनरावृत्ती यावेळी झाली नाही.

पुढच्याच वर्षी संकटाने उलटे रूप धारण केले. कोरियाच्या तेजीत ज्यांनी कर्ज काढून माल साठविला होता त्यांच्या डोळ्यांदेखत भाव उतरू लागले. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने आपला व्याजाचा दर तीनवरून साडेतीन टक्के केला होता; स्थापनेनंतरची ही पहिलीच वाढ. उसना पैसा महाग झाला, परदेशची मागणी ओसरली, आणि १९५२ च्या मार्चपर्यंत घाऊक किमती आदल्या वर्षाच्या शिखरापासून सुमारे एक पंचमांश उतरल्या. गळिताची धान्ये, कापूस, मिरी अशा मालाच्या बाजारांत कित्येक पेढ्यांची दिवाळी निघाली. सरकारने भाव सावरून धरावेत अशी मागणी झाली. निर्यातीवरील काही कर कमी झाले, काही बंधने सैल झाली. परंतु जुने भाव जबरदस्तीने टिकविण्याचा प्रयत्न झाला नाही. कारण जी घसरण साठेवाल्यास जाचत होती तीच पगारदाराच्या घरी दिलासा देत होती. ज्यांचा व्यापार स्वतःच्या भांडवलावर व मोजक्या नफ्यावर चालला होता त्या पेढ्यांना या घसरणीची झळ कमी लागली. ज्यांचा व्यापार भाव आणखी चढेल या आशेवर चालला होता त्या पेढ्यांवर संकट ओढवले.

पहिली पंचवार्षिक योजना याच पार्श्वभूमीवर चालू झाली. २,०६९ कोटी रुपयांची ती योजना महत्त्वाकांक्षेने फुगलेली नव्हती. शेती व पाटबंधारे यांवर तिचा भर होता. पर्जन्याची कृपाही लाभली. पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ टक्क्यांनी वाढले, आणि योजनेच्या अखेरीस किमती आरंभापेक्षा कमी होत्या. असे पुढे क्वचितच घडले.

परंतु खेड्यातील मनुष्याला अडल्यावेळी पैसा कोण देतो, हा वऱ्हाडात पाहिलेला जुना प्रश्न तसाच होता. रिझर्व्ह बँकेने करविलेल्या ग्रामीण पतपाहणीत असे दिसून आले की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येते आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के. यावर उपाय म्हणून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा, त्याही लहान गावांत, उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्याने घातले आणि ते पाळले गेले. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. विमा म्हणजे घरधन्याने आपल्या मागे राहणाऱ्यांसाठी ठेवलेला घास. तो घास काही कंपन्यांच्या चालकांनी आपल्या सट्ट्यात लावला होता, आणि अनेक कंपन्या बुडाल्या होत्या. दोनशेहून अधिक कंपन्या व संस्थांचा कारभार एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले.

पदाचा त्याग

महामंडळ प्रत्यक्ष उभे राहण्यापूर्वीच चिंतामणराव मंत्रिपदावरून दूर झालेले होते. राज्यपुनर्रचनेत मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या अंमलाखाली ठेवण्याचा निर्णय १९५६ च्या जानेवारीत जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. चिंतामणराव कुलाबा मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. ज्या लोकांनी आपल्याला निवडून दिले त्यांच्यावर अन्याय होत आहे अशी खात्री झाल्यावर त्या मंत्रिमंडळात राहणे त्यांना योग्य वाटेना. राजीनाम्याची इच्छा त्यांनी जानेवारीतच कळविली होती. काही काळ थांबून अखेर जुलैमध्ये ते बाहेर पडले आणि लोकसभेत त्यांनी आपली भूमिका निर्भीडपणे मांडली. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्या लोकमान्यांच्या सांगण्यावरून त्यांनी तरुणपणी पद सोडले नव्हते, त्यांच्याच महाराष्ट्रासाठी साठाव्या वर्षी त्यांनी पद सोडले. कर्म धरून ठेवणे आणि कर्म सोडणे या दोहोंची वेळ ओळखणे हाच विवेक होय.

पद गेले तरी काम संपले नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष, आणि नंतर १९६२ ते १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी विद्येची सेवा केली. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. या सर्व काळात त्यांना दुर्गाबाईंची साथ होती. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेल्या व घटना समितीच्या सदस्य असलेल्या दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह १९५३ च्या जानेवारीत दिल्लीत साध्या नोंदणी पद्धतीने झाला. पंतप्रधान पंडित नेहरू त्या विवाहाचे एक साक्षीदार होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या दुर्गाबाई पहिल्या अध्यक्षा झाल्या. पतीकडे राष्ट्राची तिजोरी आणि पत्नीकडे निराधार स्त्रिया व मुले यांची चिंता, असा तो संसार होता. १९५९ मध्ये चिंतामणरावांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. उत्तरायुष्यात हे दांपत्य हैदराबादला राहिले. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजींच्या जन्मदिवशी, चिंतामणरावांनी देह ठेवला.

गृहस्थाने काय घ्यावे

या चरित्राकडे पाहून कोणी म्हणेल की, हा राजनीतीचा विषय आहे, संसारी मनुष्यास त्याचा काय उपयोग? परंतु घर हेही एक लहानसे राज्य आहे आणि दुकान ही एक लहानशी बँक आहे. राष्ट्रावर जे संकट येते तेच आकाराने लहान होऊन आपल्या उंबरठ्यावर उभे राहते. नोकरी जाते, पीक जाते, भागीदार दगा देतो, आजारपण येते. अशा वेळी चिंतामणरावांच्या काळाने शिकविलेल्या गोष्टी आठवाव्यात.

मिळकतीचा काही हिस्सा, झेपेल तर पाचवा, खर्चाआधी बाजूला काढावा. भाव चढतील या आशेवर कर्ज काढू नये. कर्ज झालेच तर तोंड लपवू नये. धनकोपुढे जाऊन खरा हिशेब मांडावा आणि हप्ते बांधून घ्यावेत. आपण धनको असलो तर बुडत्याचा गळा आवळू नये. एकट्याने धंदा निभत नसेल तर अभिमान सोडून दुसऱ्याशी हात मिळवावा. दुसऱ्याची ठेव आपल्याकडे असेल तर ती आपल्या अडचणीसाठी कधीही वापरू नये, मग ती शेजाऱ्याच्या विधवेचे शंभर रुपये का असेनात. आणि ज्याला साहाय्य केल्याने तो उभा राहील त्याला साहाय्य करण्यास विलंब लावू नये.

हे सर्व केले तरी संकट टळेलच असे नाही. बंगालचा दुष्काळ रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरास टाळता आला नाही, आणि त्याच्या डोळ्यांसमोर बुडालेल्या सर्व बँका त्याला वाचविता आल्या नाहीत. फळ मनुष्याच्या हाती नाही. मात्र फाळणीच्या वर्षी पासबुक हाती घेऊन दिल्लीच्या एखाद्या खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या मनुष्याला त्याचे पैसे मिळावेत की नाहीत, हे खिडकीपलीकडच्या मनुष्याने आधीची वर्षे कशी घालविली यावर अवलंबून असते. आपणही कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत त्या खिडकीपलीकडे बसलेले आहोत, हे ध्यानात ठेवून गृहस्थाने आपला हिशेब रोज चोख ठेवावा.